भोंगा बरा आहे

भावाच्या सुटकेचा अर्ज नामंजूर झाल्याचा फोन आला तेव्हा कव्हरवाली एका टेम्पोच्या सीटवर गुडघा रोवून रेक्झिन ताणत होती. दोन्ही हात खाली अडकलेले. म्हणून गाळ्याच्या मालकाने, ज्याला सगळे उस्ताद म्हणतात, फोन तिच्या कानाला धरला.

"नामंजूर म्हणजे?"

"म्हणजे नाही म्हणाले, ताई," वकीलबाई पलीकडून म्हणाल्या.

"ते कळलं. का म्हणून नाही?"

वकीलबाईंनी वाचून दाखवलं. बंदी दर भेटीस स्वतः चालत येतो. प्रकृतीबाबत विचारले असता ‘बरा आहे’ असे सांगतो. बंदीच्या सख्ख्या बहिणीनेही गृहचौकशीत बंदी बरा असल्याचेच सांगितले आहे. सबब.

‘सबब’च्या पुढचं कव्हरवालीने ऐकलं नाही. सरकारी कागदात सबब आलं की पुढे काय येतं हे तिला पाठ होतं. तिने हात सोडवले, तसं ताणलेलं रेक्झिन फट्‌ करून परत आकसलं. तासाभराची मेहनत. उस्ताद एरवी त्यावर निदान दोन वाक्यं बोलला असता. त्या दिवशी त्याने नुसता फोन खिशात टाकला आणि पक्कड उचलून स्वतः ताणायला बसला.

तिला कव्हरवाली म्हणायचे कारण ती गाड्यांच्या सीटांची कव्हरं शिवायची. टेम्पो, टॅक्सी, शाळेच्या बसगाड्या, एकदा तर एका अँब्युलन्सची गादी. गॅरेजांच्या त्या सबंध रांगेत बाई अशी ती एकटीच. सुरुवातीला पोरं टिंगल करायची, मग हिने एकाला असं काही ऐकवलं की पुढे तोच तिची सुई-दोऱ्याची पेटी उचलून द्यायला लागला. जीभ तिखट, मान ताठ. घाबरणं हे आपलं खातं नाही असं तिचं म्हणणं. ते भावाला पोटाचा कॅन्सर निघेपर्यंत खरं होतं.

भाऊ तिचा धाकटा. जन्मला तेव्हा असा काही रडला की शेजारची म्हणाली, बाळ नाही बाई, भोंगा झालाय तुम्हाला. तेच नाव पुढे राहिलं. मोठा होऊन गाडी चालवायला लागला आणि एका संध्याकाळी, गाडी आधी कुणी लावायची ह्या बाचाबाचीत, हातातल्या पान्याने त्याने समोरच्या माणसाला मारलं. माणूस मेला. ह्यात कुठे काही अन्याय झाला, पोलिसांनी गोवलं, साक्षीदार फिरले, असलं काही नाही. मारलं ते मारलं. कव्हरवालीने आयुष्यात कधी त्याची बाजू घेऊन दुसरं काही सांगितलं नाही. फक्त तुरुंगात दर भेटीला ती गेली. वर्षानुवर्षं, कामाचा खाडा करून, एकही भेट न चुकवता.

आणि तिथेच तर घोटाळा झाला.

वकीलबाई फुकट वकील देणाऱ्या खात्यातल्या. एका लांब बोळकांडीच्या टोकाला त्यांची खोली. खोलीत पंखा, कपाट आणि फोम बाहेर आलेली खुर्ची. कव्हरवाली त्या खुर्चीवर बसायच्या आधी सवयीने तिच्याकडे वाकून बघायला लागली.

"ही आणून द्या माझ्याकडे. शिवून देते."

"खुर्चीचं नंतर बघू," वकीलबाई म्हणाल्या. तिशीच्या आतबाहेरची पोरगी, सदा सर्दी, पण कागद वाचताना डोळे मांजरासारखे. "अपील टाकायचंय आपल्याला. त्याच्याआधी एक सांगा. घरी चौकशीला माणूस आला होता, त्याला तुम्ही काय काय सांगितलंत?"

कव्हरवालीने सांगितलं. सांगताना आधी थोडी ऐटच होती. चौकशीवाला येणार म्हणून तिने फरशी पुसली, उशांची कव्हरं बदलली, रेक्झिनचा वास येऊ नये म्हणून खिडक्या उघड्या टाकल्या. पूर्वी भोंग्याला रजेवर सोडायचे तेव्हाही अशीच चौकशी यायची. त्यात काय बोलायचं हे तिला आता झोपेतही आलं असतं. घर चांगलं आहे. शेजाऱ्यांची तक्रार नाही. तो शहाण्यासारखा वागतो. आला की माझ्याबरोबर कामाला बसेल. तब्येतीचं विचारल्यावर ती म्हणाली, बरा आहे हो तो, कुणाला काडीचा त्रास द्यायचा नाही. चौकशीवाला खूश होऊन लिहीत गेला आणि हिला वाटलं, बाजी मारली.

वकीलबाईंनी नाक पुसलं. "ताई, रजेच्या चौकशीत बरं बोलायचं असतं. ही आजारपणाची सुटका आहे. इथे त्याचं उलट असतं."

"मी खोटं नाही बोलले."

"मग बरा आहे का तो?"

टेबलावर मोठ्या इस्पितळाचा अहवाल होता. गाठ पोटातून यकृताकडे पसरली होती, पोटात पाणी भरत होतं, आणि उपचाराच्या रकान्यात ‘फक्त वेदना कमी करणे’ एवढंच होतं.

"बरा म्हणजे," ती म्हणाली, "म्हणतो ना आपण."

"म्हणतो. पण अपिलात ‘बरा’ चालत नाही. आणि जो चालतो तो बरा, असं त्यांचं गणित. तुमच्या भेटीच तुमच्याविरुद्ध साक्ष देतायत. प्रत्येक भेटीला चालत आला, अशी तिथे नोंद आहे. त्याला खरंच चालवतं?"

"येतो चालत. कसा येतो ते मला माहीत नाही."

"मग त्याला येऊ नको म्हणा. नाटक करायला नाही सांगत मी, नीट ऐका. तुम्ही दोघं जे नाटक करताय ते थांबवा, एवढंच सांगतेय."

कव्हरवालीला राग आला. ह्या पोरीने आपल्याला नाटकी म्हणावं. ती उठली, दारापर्यंत गेली, आणि दाराच्या कडीला हात लावल्यावर लक्षात आलं की हा राग नाही. रागात हात गरम होतात. हिचे गार पडले होते.

भेटीची जागा म्हणजे जाड काच, दोन्हीकडे एकेक रिसीव्हर, आणि रिसीव्हरची वायर कुणी तोडू नये म्हणून तिच्यावर लोखंडी नळी. आत शिपाई नाव पुकारतो. मग पलीकडचं दार उघडतं.

भोंगा आला. शर्टाचं अगदी वरचं बटण लावलेलं, केस पाण्याने चापून बसवलेले. दारापासून काचेपर्यंत तो भिंतीच्या कडेने यायचा आणि येताना भिंतीवर बोटांनी ताल धरायचा, टक टक टकाटक. कव्हरवालीला वाटायचं, बघा, एवढ्या आजारातही मजेत आहे कार्टं. त्या दिवशी पहिल्यांदा तिने तालाकडे नाही, हाताकडे बघितलं. तळवा भिंतीला घट्ट चिकटलेला होता. बोटं वाजत होती ती फक्त दिसण्यापुरती. तो भिंत धरून येत होता. कितीतरी दिवस असाच येत असणार.

"काय गं, तोंड का असं?" भोंगा रिसीव्हरमध्ये म्हणाला. ज्या आवाजाने आळी जागी व्हायची तो आता कान लावून ऐकावा लागे. "भावजींनी परत स्वयंपाक केला वाटतं."

"तू कसा आहेस?"

"बरा आहे."

"नीट सांग."

"नीट बरा आहे."

तिने नामंजुरीचं सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी चालतो हा गुन्हा. आधीचा अजून फिटला नाही, त्यात हा दुसरा."

"डॉक्टरला काय सांगतोस?"

"तेच. तो दारात उभा राहून सगळ्यांना एकदम विचारतो, काय, बरे आहात ना. सगळे म्हणतात, हो. नाही म्हटलं की आजाऱ्यांच्या पलंगबराकीत."

"मग जायचं ना तिकडे. पलंग तरी मिळेल."

"पलंग मिळतो गं. पण तिथून खाली उतरलेला कुणी बघितला नाही मी." काचेवर आपल्या श्वासाने आलेलं धुकं त्याने बाहीने पुसलं. "आणि तिथल्यांना भेट नाही. भेट इथे, ह्या काचेशी, जो चालत येईल त्याला. माणसाला खुर्चीत घालून इथवर ढकलत आणायला माणसं कुठली ह्यांच्याकडे? मी तिकडे गेलो तर तू इथे काय काच बघायला येशील?"

म्हणजे तो चालत होता ते हिच्यासाठी. आणि ही येत होती ती त्याच्यासाठी. दोघांनी मिळून एकमेकांच्या पायात बेडी ठोकली होती आणि वर तोंड भरून बरं बरं म्हणत होते.

"येऊ नकोस," ती म्हणाली.

"आँ?"

"पुढच्या वेळी नाव पुकारलं की उठू नकोस. केस विंचरू नकोस. डॉक्टरने विचारलं तर दुखतंय ते दुखतंय म्हण. चालवत नाही ते सांग."

"आणि तू?"

"मी येईन. इथेच बसेन. तू आला नाहीस की समजेन, ठरल्याप्रमाणे चाललंय."

भोंग्याने रिसीव्हर दुसऱ्या कानाला घेतला. मग म्हणाला, "आणि दुसऱ्या कारणाने आलो नाही, तर? तुला कसं कळणार, कुठलं न येणं आहे ते?"

ह्याचा विचार तिने केला नव्हता. वकीलबाईंनीही केला नसावा.

"भ्यालीस?" त्याने विचारलं.

"छे."

"मी भ्यालोय, ताई."

एवढं बोलून तो हसला, रिसीव्हर अडकवला आणि उठला. परत जाताना त्याने ताल धरला नाही. दोन्ही हातांनी उघड उघड भिंत धरून, मधे एकदा कपाळ टेकवून, तो त्या दारापर्यंत गेला. एवढासा रस्ता. कव्हरवालीने तो पूर्ण बघितला.

पुढच्या भेटीला ती गेली. नाव पुकारलं गेलं. पलीकडचं दार उघडलं नाही. आजूबाजूच्या काचांशी बायका बोलत होत्या, कुणाचं पोर पास झालं, कुणाच्या छपराला गळती लागली. हिने रिसीव्हर उचलून कानाला लावला. आत घुंऽऽ असा आवाज येत होता.

"बाई, फोन ठेवा," शिपाई म्हणाला. "पलीकडे कुणी नाहीये."

"तो का आला नाही?"

"आला नाही म्हणजे आला नाही."

ती बाहेर आली ती ओल्या फरशीवरून चालावं तशी. बरं झालं, ती स्वतःला सांगत होती. ठरलंय तसंच झालंय. शहाणा आहे पोरगा. आणि प्रत्येक वाक्यामागून दुसरं वाक्य येत होतं, ते ती पुरतं होऊ देत नव्हती.

त्यानंतरच्या खेपेला खिडकीवर नवा शिपाई होता. त्याने नाव ऐकलं, आत कुणाला तरी विचारलं, परत आला आणि कान खाजवत म्हणाला, "तो गेला."

कव्हरवालीने समोरच्या गजाला धरलं.

"कधी?"

"काल. नाहीतर परवा असेल."

"मला कळवलं का नाही?"

"त्यात कळवायचं काय, बाई? रोज एखाददुसरा जातोच."

"कुठे... कुठे ठेवलंय त्याला?"

"पलंगबराकीत. दुसरं कुठे ठेवणार?" शिपाई म्हणाला आणि मग तिचा चेहरा बघून त्याला काय ते कळलं. "अहो, तसं नाही. तिकडे गेला. तिकडे." त्याने हाताने दिशा दाखवली. वर नाही, डावीकडे.

ती तिथेच खाली बसली. शिपायाने पाणी आणून दिलं, आणि हळूच म्हणाला, "मी नवा आहे इथे." माणूस वाईट नव्हता. फक्त तोंडातून निघालेला शब्द कुणाच्या अंगावर जाऊन पडतो हे बघायची तिथे कुणाला सवय नव्हती.

मग सुरू झाले ते दिवस. ती जायची, बसायची, ‘येत नाही’ ऐकायची, परत यायची. शिपायाला सरळ विचारावं, जिवंत आहे ना, असं तिला दर वेळी वाटायचं. पण प्रश्न ओठावर आला की ती गिळायची. विचारलं तर उत्तर मिळेल, ह्याचीच धास्ती. गाळ्यात फोन वाजला की तिचं मशीन आपोआप थांबायचं. मग तिने फोन उस्तादकडेच ठेवायला दिला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून कुणाचा फोन आहे ते ती ओळखायची. गिऱ्हाईकाचा असला की तो आधी शिवी द्यायचा. त्या शिव्या तिला तेव्हा फार गोड वाटायच्या.

एकदा तिने सबंध कव्हर उलट्या बाजूने शिवलं. चकाकती बाजू आत, अस्तर बाहेर.

"वा," उस्ताद म्हणाला. "गिऱ्हाईकाला सांगू, सीटच्या आत शिरून बसा."

ती हसली नाही. तेव्हा त्याने ते कव्हर घेतलं आणि स्वतः एकेक टाका उसवत बसला.

घरी नवऱ्याचं वेगळंच. ह्याच माणसाने पूर्वी सांगितलं होतं, तुझा भाऊ तुझा, माझ्या उंबऱ्याच्या आत नको. रजेवर आला तरी भोंगा झोपायचा तो गच्चीवर. आता नवरा कामावरून आला की काही न बोलता पुढची खोली मोकळी करायचा. एक दिवस त्याने जुन्या लाकडी खुर्चीच्या मधोमध करवतीने गोल भोक पाडलं आणि खाली बादली बसते का ते बघितलं.

"अजून अपिलाची तारीखही लागली नाही," कव्हरवाली म्हणाली.

"खुर्चीला तारीख कशाला हवी?" तो म्हणाला आणि भोकाची कड पॉलिशपेपरने घासत राहिला, टोचू नये म्हणून.

तारीख लागली.

खोलीत लांब टेबल, टेबलामागे तिघं. मधले अध्यक्ष, त्यांच्या एका बाजूला डॉक्टर, दुसऱ्या बाजूला तुरुंगखात्याचे साहेब. कोपऱ्यात टंकलेखक. भिंतीवर पडदा, आणि पडद्यावर पलंगबराकीतलं चित्र, जरा हलणारं, जरा निळसर. लोखंडी पलंग. पलंगावर भोंगा. कव्हरवालीला तो सापडायला एक क्षण लागला. माणूस कमी आणि चादर जास्त होती. पण डोळे हलले. आहे. एवढं कळलं आणि तिच्या छातीत इतके दिवस अडकलेला श्वास सुटला, तो शेजारी बसलेल्या वकीलबाईंनाही ऐकू गेला.

शेवटच्या रांगेत एक बाई बसली होती. पान्याने मेलेल्या माणसाची बायको. तिलाही बोलावणं गेलं होतं. अध्यक्षांनी आधी तिलाच विचारलं, आपलं काही म्हणणं आहे का.

ती उभी राहिली. पडद्याकडे बघत म्हणाली, "माझ्या नवऱ्याला कुणी विचारलं नव्हतं, कसा आहेस म्हणून." आणि खाली बसली.

कव्हरवालीने मान खाली घातली, ती अध्यक्षांनी हाक मारली तेव्हाच वर केली.

"बाई, तुम्ही गृहचौकशीत सांगितलंत, भाऊ बरा आहे. अपिलात म्हणताय, मरायला टेकलाय. ह्यातलं खोटं कुठलं?"

वकीलबाईंनी तिला शिकवून ठेवलं होतं, की म्हणा, तेव्हा मला प्रश्न नीट समजला नव्हता. साधं, सोपं, कुणाला न लागणारं. कव्हरवालीने तोंड उघडलं आणि पडद्याकडे बघितलं. तिकडूनही आवाज जात होता. भोंगा ऐकत होता. आजवर दोघांमध्ये तो शब्द कधी आला नव्हता. गाठ म्हणायचे, पोट म्हणायचे, ते दुखणं म्हणायचे. मरणाचं नाव नाही. ती आता बोलली तर त्याच्या तोंडावर बोलावं लागणार होतं. आणि नाही बोलली तर तो त्या पलंगावरून उतरणार नव्हता.

"दोन्ही खरं आहे, साहेब."

"दोन्ही कसं खरं असेल?"

"बरा म्हणजे जिवंत. आमच्यात तोच अर्थ. तुम्ही आत्ता मला विचारा, कशा आहात, तर मी म्हणेन, बरी आहे. आणि माझे पाय बघा, खुर्ची हलतेय." खरंच हलत होती. "तुमच्या माणसाने मला विचारलं, मी सवयीने बोलले. तुमच्या डॉक्टरने त्याला विचारलं, तो सवयीने बोलला. चालत यायचा तो भिंत धरून यायचा, मला दिसावा म्हणून. तो मरतोय, साहेब. हे मी त्याच्यासमोर पहिल्यांदा बोलतेय. तुम्ही बोलायला लावलंत म्हणून."

टंकलेखकाने मान वर केली. "साहेब, लिहू काय? बरा म्हणजे...?"

"बाई म्हणतात तसं लिहा," अध्यक्ष म्हणाले.

मग डॉक्टर पडद्याकडे वळले. "उठून बसता येतं का हो तुम्हाला?"

पडद्यावर भोंग्याचा हात हलला. चादरीतून बाहेर आला, पलंगाची कड धरली, कोपर ताणलं गेलं. आयुष्यभराची खोड. कुणी मोठ्या माणसाने विचारलं की उठून दाखवायचं, हो साहेब म्हणायचं. तो उठणार होता. जीव गेला तरी उठून बसणार होता आणि वर हसणार होता. ती खुर्चीतून अर्धी उठली. वकीलबाईंनी तिचा दंड धरला. बोलायची सोय नव्हती, खूण करायची सोय नव्हती.

हात तसाच राहिला कडेवर. मग बोटं एकेक करून सुटली.

"नाही," भोंगा म्हणाला.

"कसं वाटतंय?"

"बरं नाही, साहेब."

हेच ऐकायला तिने एवढा आटापिटा केला होता. ऐकलं, आणि ती आतून थंडगार पडली.

अपील मंजूर झालं. पण सरकारी मंजुरीला शेपूट असतंच. बंदीची प्रकृती सुधारल्यास त्यास पुन्हा तुरुंगात हजर करण्यात यावे. ती सुधारली की नाही हे बघायला पोलीस ठाण्याचा शिपाई अधूनमधून घरी येईल. वकीलबाईंनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "ह्याची काळजी नको. त्याची प्रकृती सुधारायची नाहीये." बोलून गेल्या आणि मग स्वतःच रुमालात तोंड लपवून शिंकल्यासारखं केलं.

भोंगा घरी आला. पुढच्या खोलीत, नवऱ्याने मोकळ्या केलेल्या जागेत, कव्हरवालीने शिवलेल्या गादीवर. तिने त्या गादीला मऊ कापड लावलं होतं, रेक्झिन नाही, आणि शिवण सगळी खालच्या बाजूला घेतली होती. पहिले काही दिवस तो नुसता झोपला. ती कामाला जायची ती दर तासाला नवऱ्याला नाहीतर शेजारणीला फोन करायला लावायची. घरी आली की चप्पल काढायच्या आधी दारातून बघायची, चादर वरखाली होते का.

आणि मग व्हायचं नव्हतं तेच झालं. भोंग्याला भूक लागली.

आधी पेज घेतली. मग मऊ भात. एका दुपारी त्याने पुन्हा भात मागितला. त्याच्या गालांवर अंमळ रंग आला. नवऱ्याशी पत्ते खेळताना तो चक्क भांडला. आणि एका सकाळी कव्हरवाली आतल्या खोलीत असताना तिने भिंतीवर आवाज ऐकला, टक टक टकाटक. ती हातातलं टाकून धावली. तो खिडकीशी उभा होता.

"झोप," ती दबक्या आवाजात म्हणाली. आधी तिने पडदा ओढला, मग त्याला धरलं.

"अगं, जरा बाहेर बघतोय."

"बाहेरून कुणी आत बघेल."

संध्याकाळी नवरा भोंग्याला म्हणाला, "अख्ख्या दुनियेत ही एकच बाई असेल, भावाने भात मागितला की हिला घाम फुटतो." भोंगा हसून हसून खोकला. कव्हरवाली हसली नाही. तिने इस्पितळात जाऊन डॉक्टरला विचारलंही, हा सुधारतोय का. विचारताना हो ऐकायचंय की नाही, हे तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं.

"मधे असं होतं," डॉक्टर म्हणाला. "घरी आला, माणसं दिसली. फार धरून चालू नका."

घरी तिने फर्मान काढलं की ‘बरा’ हा शब्द ह्या घरात कुणी उच्चारायचा नाही. शेजारणीलाही बजावलं. शेजारीण म्हणाली, बरं. आणि जीभ चावली.

रविवारी, सगळे घरात असताना, दार वाजलं. भोंगा तेव्हा पुन्हा खिडकीशी होता, भिंतीला हात लावून. नवऱ्याने फटीतून बघितलं आणि बोटाने स्वतःच्या खांद्यावर पट्टी काढून दाखवली. ठाण्याचा शिपाई.

"गादीवर जा," कव्हरवाली ओठांनीच म्हणाली.

भोंगा निघाला. खिडकीपासून गादीपर्यंत चार पावलं असतील. पहिल्या पावलाला तो तिच्याकडे बघून डोळा मारत होता. दुसऱ्याला त्याचा गुडघा वाकला. तिसरं त्याला टाकता आलं नाही. नवऱ्याने काखेत हात घालून त्याला उचललं, लहान पोराला उचलतात तसं, आणि गादीवर ठेवलं. सगळं आवाज न करता. भोंग्याने डोळे मिटले होते आणि कपाळावर घाम होता. तो नाटक करतोय की खरंच, हे कव्हरवालीला कळेना. तिने वाकून बघितलं. भोंग्याने डोळे उघडले. त्यालाही ते कळत नव्हतं, असं त्या डोळ्यांत होतं.

दार पुन्हा वाजलं. तिने उघडलं.

शिपाई उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. उन्हातून आलेला, काखेत वही, पेनाचं टोपण दातात. आत डोकावून बघायचा त्याने प्रयत्न केला, पण कव्हरवाली दारभर उभी होती.

"काय बाई," तो टोपण काढून म्हणाला, "कसा आहे भाऊ?"

बरा, असं जिभेच्या टोकावर आलं. एवढ्या वर्षांची सवय, ती जाते कुठे. तो शब्द बाहेर पडला तर ते भोंग्याला घेऊन जातील. आणि बरा नाही म्हणावं, तर तो मागे गादीवर पडल्या पडल्या ऐकतोय, आणि एकदा त्याच्यासमोर बोलून झालंय, पुन्हा तिच्याच्याने होणार नव्हतं. तिने चौकटीला घट्ट धरलं. मागून काही आवाज येतो का, श्वासाचा, खोकल्याचा, कसलाही, ह्यासाठी तिने कान मागे लावला.

आला. अगदी बारीक. बोटांनी भिंतीवर एकदाच, टक.

"आहे," कव्हरवाली म्हणाली.

शिपाई पुढच्या शब्दाची वाट बघत थांबला. तो येत नाही असं दिसल्यावर त्याने वहीत तेवढंच लिहिलं आणि जिना उतरून गेला.